घोंगड्यांचा अंधार

परदेशी सिनेमा म्हटलं की मला मेंढरांचा वास येतो. कुणाला सांगितलं तर हसतात, पण त्याला माझा इलाज नाही. आमच्या कॉलेजच्या हॉलला नऊ खिडक्या होत्या आणि पडदा एकीलाही नव्हता. सिनेमा दाखवायचा तर अंधार पाहिजे, आणि माणदेशात दुपारी तीन वाजता अंधार आणायचा कुठनं? सरांनी काळं कापड आणायचा हिशेब केला, तर मंडळाच्या पेटीत तेवढे पैसे नव्हते. तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा, मेंढपाळाच्या घरातला, वर्षभर वर्गात तोंड न उघडणारा, उभा राहिला आणि म्हणाला, "सर, घोंगडी चालंल का?"

पुढच्या शनिवारी ज्याला जमलं त्यानं घरनं एकेक घोंगडं आणलं. काळंभोर, जाड, चिंचोक्याची खळ दिलेलं. खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधलं की आत मध्यरात्र. वरनं पत्र्याचं छप्पर तापलेलं, खाली शे-सव्वाशे पोरं दाटीवाटीनं बसलेली, आणि त्या उबाऱ्यात लोकरीचा वास असा सुटायचा, की वाड्यात मेंढरं कोंडल्यासारखं वाटावं. जपानातलं जंगल, रोमचे रस्ते, ओडेसा बंदराच्या पायऱ्या, सगळं मी त्या वासात पाहिलं.

मी १९८३ साली त्या कॉलेजात गेलो. तालुक्याचं गाव. एक एसटी स्टँड, एक बाजारपेठ, एक दवाखाना आणि गावाबाहेर माळावर कॉलेज. त्याआधी सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. गडी एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये कनात. मशीन लोकांच्या मधोमध ठेवलेलं, रीळ संपलं की बत्ती लागायची आणि तेवढ्यात भेळवाला आत शिरायचा. तिथं आम्ही देव बघितले, डाकू बघितले. परदेशात माणसं राहतात हे भूगोलात वाचलं होतं. पण तीही आपल्यासारखी भाकरीच्या मागं पळतात, हे काही भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

हे खूळ आणलं आमच्या इंग्रजीच्या सरांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पुण्याला गेले. तिथं तेव्हा फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून सिनेमाच्या रसग्रहणाचा महिन्याभराचा वर्ग घ्यायचे. सर गेले साधे आणि आले झपाटून. जून महिन्यात पहिल्याच तासाला त्यांनी वर्डस्वर्थ बाजूला ठेवला आणि आम्हाला तासभर एका सिनेमाची गोष्ट सांगितली. आम्हाला वाटलं, उन्हानं झालं असेल.

प्राचार्य म्हणाले, "अहो, हे शेतकऱ्यांच्या पोरांचं कॉलेज. यांना काय कळणार इटालियन आणि जपानी?"

सरांकडं उत्तर तयार होतं. कर्नाटकात हेग्गोडु म्हणून एक खेडं आहे, सुपारीच्या बागांतलं. तिथं सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेनं १९७३ साली चित्रपट मंडळ काढलं आणि गावच्या लोकांना जगातले सिनेमे दाखवले. "हेग्गोडुच्या शेतकऱ्याला कळतं तर आमच्या का कळणार नाही?" सर म्हणाले. प्राचार्यांना खर्च नको होता, बाकी त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पुण्याच्या संग्रहालयातनं सोळा मिलिमीटरच्या प्रती अशा मंडळांना दाखवायला मिळायच्या. मशीन होतं जुनं, कुठल्याशा खात्यानं कुटुंबनियोजनाचा प्रचार करून टाकून दिलेलं.

मी 'कमवा आणि शिका'तला विद्यार्थी. आधी माझ्याकडं बागेला पाणी घालायचं काम होतं. ते काढून सरांनी मला सिनेमाकडं घेतलं. एसटीनं आलेले रिळांचे डबे स्टँडवरनं आणायचे, घोंगडी टांगायची, जाजम घालायचं, मांजरपाटाचा पडदा ताणून बांधायचा आणि सगळं झालं की रिळं उलटी गुंडाळून परत डब्यात भरायची. हळूहळू मशीनही चालवायला शिकलो. फिल्म दात्यांवर बसवताना दाराच्या वर एक आणि खाली एक असा सैल वेढा सोडावा लागतो. तो वेढा गेला की पडद्यावरची माणसं अंगात आल्यासारखी उड्या मारायला लागतात. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की दोन-तीन मिनिटं बत्ती लावायची. त्या दोन-तीन मिनिटांत पोरं जेवढी बोलायची तेवढी सिनेमा संपल्यावरच्या चर्चेत कधी बोलली नाहीत. चर्चेला सर पुढं उभे राहायचे आणि सगळे घोंगड्याच्या घड्या घालायला पळायचे.

सरांनी सुरुवात हुशारीनं केली. पहिला सिनेमा लावला प्रभातचा 'संत तुकाराम'. १९३६ सालचा हा सिनेमा पुढच्या वर्षी इटलीत व्हेनिसला दाखवला गेला आणि तिथं त्याचा गौरव झाला. सर म्हणाले, "आपला तुकाराम त्यांनी बघितला. आता त्यांचं काय आहे ते आपण बघायचं. फिटंफाट." गावातले चार म्हातारे आले होते, त्यांना हे पटलं.

मग आला 'बॅटलशिप पोटेमकिन'. १९२५ सालचा, मुका. सर मशीनशेजारी उभं राहून पाट्या मराठीत वाचायचे. खलाशांना खायला दिलेल्या मांसात वळवळणाऱ्या अळ्या आणि चष्म्यातनं बघून 'अळ्या नाहीत' म्हणणारा डॉक्टर. हॉलमध्ये एकदम गलका झाला. पुढच्याच आठवड्यात वसतिगृहाच्या मेसमध्ये वांग्याच्या भाजीत अळी निघाली. रोजच निघायची, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या दिवशी कुणीतरी ताट पालथं घातलं, आणि बघता बघता साठ ताटं पालथी पडली. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. आत काय झालं माहीत नाही. सर बाहेर आले ते घाम पुसत, पण हसत. महिनाभर सिनेमा बंद राहिला आणि भाजी सुधारली.

'राशोमोन' मला पहिल्यांदा काही कळला नाही. एकच खून, तो सांगणारी माणसं चार, आणि चौघांचं सांगणं चार तऱ्हेचं. दिवा लागल्यावर सर म्हणाले, "खरं कोण बोलतंय?" सगळे गप्प. घोंगड्याची युक्ती काढणारा तो पोरगा म्हणाला, "सर, आमच्या बांधाची केस चालू हाय अकरा वर्सं. त्यातबी असंच हाय. आमचा चुलता खोटं बोलतुया आसं न्हाई. त्याला तसंच दिसलंय." सरांनी फळ्यावर काहीतरी लिहायला घेतलेला खडू खाली ठेवला. अकिरा कुरोसावावरची पुस्तकं मी पुढं वाचली. पण माझ्या लेखी त्या सिनेमावर शेवटचं बोलणं त्या दिवशीच होऊन गेलं.

मुली यायच्या पाच-सहा. त्यांच्यासाठीच तर शनिवारची दुपार ठरवलेली आणि घोंगड्यांचा खटाटोप. रात्री खेळ ठेवला तर त्यांना घरचे पाठवणार नव्हते, शिवाय त्यांची शेवटची एसटी साडेपाचला. वीज मात्र सरांचं वेळापत्रक मानत नसे. दुपारी गेली की कधीकधी दिवेलागणीला यायची, आणि मग मुली निघून गेल्यावर आम्ही उरलेले सिनेमा बघायचो. १९८५ च्या जानेवारीत, संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, असंच झालं. सिनेमा होता 'बायसिकल थीव्ह्ज'. इटलीचा, १९४८ सालचा, व्हित्तोरिओ डी सिका यांचा.

त्याच दिवशी आमचे आबा मेसला द्यायचं अर्धं पोतं बाजरी घेऊन आले. स्टँडपासून डोक्यावर पोतं घेऊन चालत. मेसच्या मुनीमानं वजन करायला इतका वेळ लावला की त्यांची साडेपाचची गाडी गेली. आता मुक्काम. मी म्हटलं, "आबा, सिनेमा बघणार का?"

"कंचा?"

"परदेशातला. सायकल चोरीचा."

"सायकल चोरीचा काय सिनेमा आसतुय व्हय?" असं म्हणाले, पण आले. दारात चपला काढल्या, हॉलमध्ये शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. माझं शिक्षण तिथं चालतं अशी त्यांची समजूत. खिडक्यांकडं बघत म्हणाले, "घोंगडी भितीला टांगत्यात व्हय रं? पांघरायची वस्तू." मग मशीनला पाठ लावून, जाजमाच्या अगदी शेवटच्या टोकाला, गुडघे पोटाशी घेऊन बसले.

गोष्ट साधी आहे. लढाई संपलेली, रोममध्ये कुणाला काम नाही. एका माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवायचं काम मिळतं, पण अट अशी की सायकल पाहिजे. त्याची सायकल गहाण पडलेली. बायको अंथरुणावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकते, आणि सायकल सोडवून आणतात. सर इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगत होते, "चादरी गहाण टाकतायत." अंधारातनं आबांचा आवाज आला, "आमच्यात भांडी टाकत्यात." दोन-चार पोरं हसली. सर हसले नाहीत. "हो, तसंच," म्हणाले.

कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग तो बाप आणि त्याचं सात-आठ वर्षांचं पोरगं शहरभर सायकल हुडकत फिरतात. एवढाच सिनेमा. बापाचं काम करणारा माणूस नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता, हे सरांनी आधी सांगितलं होतं. ते चालण्यावरनं कळत होतंच. दुसरं रीळ लावायला बत्ती लावली तेव्हा आबा मला म्हणाले, "आसला एक बघितला हुता मी जत्रंत. रिक्षावाल्याचा. त्यात बलराज सहानी हुता. त्यातबी पोरगं हुतं."

सरांनी ते ऐकलं आणि लहान पोरासारखे हरखले. 'दो बिघा जमीन' १९५३ चा. त्याच्या आधल्या वर्षी मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता, त्यात बिमल रॉय यांनी हाच 'बायसिकल थीव्ह्ज' बघितला आणि त्यातनं त्यांना ते सुचलं, असं सर सांगायला लागले. म्हणजे आबांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तंबूत बसून बरोबर नातं ओळखलं होतं. आबांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "गरिबाची गोष्ट सगळीकडं एकच की," म्हणाले आणि पुन्हा गुडघ्यांना मिठी मारून बसले.

शेवटाकडं असं होतं. सायकल काही सापडत नाही. बाहेर शेकडो सायकली ओळीनं लावलेल्या. आत खेळाचा सामना चालू आहे, माणसांचा गलका ऐकू येतोय. एका दाराशी एकच सायकल उभी, जवळ कुणी नाही. बाप पोराला पैसे देतो, ट्रामनं पुढं जा म्हणतो. आणि सायकल उचलतो. लगेच हाकाटी होते. माणसं धावतात, धरतात, तोंडात मारतात, टोपी खाली पडते. ट्राम चुकलेलं पोरगं हे सगळं बघतं आणि गर्दीत घुसून बापाच्या कोटाला लोंबकळतं. सायकलचा मालक त्या पोराकडं बघतो. मग हात हलवून काहीतरी बोलतो.

सर त्या वेळी बोलत नव्हते. त्यांचाही घसा भरून आला असेल. तेवढ्यात मागनं आबांनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणला त्यो?"

कुणी उत्तर देईना.

"काय म्हणला त्यो मालक?"

मी मशीनजवळनंच सांगितलं, "सोडा म्हणाला."

"का?"

"पोराकडं बघून."

मशीनच्या उजेडात मला आबांचं तोंड अर्धंच दिसत होतं. पडद्यावर बाप आणि लेक गर्दीत चालत होते, बाप रडत होता, पोरानं त्याचा हात धरला. आबा पडद्याकडं बघत नव्हते. जाजमाकडं बघत होते. आणि ते का, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, जित्राबं बाजारात मिळंल त्या भावानं गेली. गावातली बहुतेक माणसं खडी फोडायला जायची. आबांच्या पायाला जखम होती, त्यांना खडीवर घेत नव्हते. मग एका मोठ्या शेतकऱ्यानं त्यांना कडब्याच्या गंजीच्या राखणीला ठेवलं. त्या साली कडबा म्हणजे सोनं. पेंढी गेली तर पैसे आबांच्या मजुरीतनं कापायचे असं बोललेलं होतं. मी रात्री त्यांच्याबरोबर खोपीत झोपायचो.

एका रात्री आबांच्या ओरडण्यानं मी जागा झालो. कंदिलाच्या उजेडात आबांनी एका माणसाला मागनं कवळा घालून धरलं होतं. आमच्याच गावचा माणूस. त्याच्या घरी एक गाय राहिली होती, ती मरायला टेकलेली. त्याच्या बाजूला त्याचं पोरगं उभं होतं, डोक्यावर एक पेंढी घेऊन. ती टाकून पळावं हेसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. शाळेत दुसरीच्या वर्गात ते माझ्या शेजारी बसायचं. त्याचं नाव इथं लिहीत नाही. तो आहे, त्याचा संसार आहे. आम्ही एकमेकांकडं बघितलं. तो काही बोलला नाही, मीही नाही.

वस्तीवरची माणसं धावून आली. त्यांनी त्या माणसाला मारलं. आबांनी एक बोटही लावलं नाही, हे मी शपथेवर सांगेन, पण त्यांनी धरून ठेवलं होतं. सकाळी त्या पेंढ्या त्याच्याच डोक्यावर देऊन त्याला वेशीपासून चावडीपर्यंत चालवत नेलं. पोरगं त्याच्या धोतराचा सोगा धरून मागं चालत होतं. पुढच्या आठवड्यात ते घर गाव सोडून गेलं. गाईचं काय झालं कुणास ठाऊक.

गंजीच्या मालकानं खूश होऊन आबांना पायलीभर जोंधळा दिला. त्या वर्षी आम्ही रेशनवरची मिलो खात होतो, अमेरिकेहून आलेली लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. त्या संध्याकाळी आईनं जोंधळ्याची पांढरी भाकरी केली. आबा जेवले नाहीत, पायाला ठणका लागलाय म्हणाले. मी दोन खाल्ल्या. इतकी गोड भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही, आणि हे लिहायला मला लाज वाटते तरी ते तसंच होतं.

बारा वर्षांत आमच्या घरात त्या रात्रीचा शब्द निघाला नव्हता.

सिनेमा संपल्यावर मी रिळं गुंडाळली. वसतिगृहात बाहेरच्या माणसाला झोपू देत नसत, म्हणून सरांच्या परवानगीनं आबांचं अंथरूण हॉलमध्येच केलं. खिडकीची दोन घोंगडी सोडून एक खाली घातलं, एक वर दिलं. मीही शेजारी आडवा झालो. उघड्या खिडकीतनं गार वारं येत होतं. आबा झोपले असं समजून मी कूस बदलली तेव्हा ते बोलले.

"त्याची सायकल त्याला गावली की."

"कुणाची?"

"त्या मालकाची. वस्तू त्याची आन् ती परत मिळाली. त्याला सोडायला काय जातंय?"

मी गप्प.

"माजी गंजी आसती तर मीबी सोडला आसता. मी राखणदार हुतो. राखणदारानं सोडायचं म्हंजी चोरीत सामील व्हायचं."

हे त्यांनी त्या रात्री सुचून बोललेलं नव्हतं. बारा वर्षं घोळवलेलं होतं ते. आणि चूक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आजही मला त्याला उत्तर सापडलेलं नाही. मालकाला माफ करता येतं. दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्यानं काय करावं? सरांच्या चर्चेत हा प्रश्न कुणी काढला नाही, नंतर वाचलेल्या पुस्तकांतही कुणी काढलेला मला दिसला नाही. त्या सिनेमाबद्दल लिहिणाऱ्या कुणी कधी गंजी राखली नसावी.

मी एवढंच म्हणालो, "तुम्ही मारलं नव्हतं, आबा."

"तुला काय म्हाईत? तू झोपला हुतास."

"जागा होतो."

बराच वेळ काही नाही. मग त्यांनी घोंगडं डोक्यावरनं घेतलं.

सकाळी सात वाजताच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेलो. टपरीवर चहा घेतला. बशीत फुंकर मारता मारता, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "ते पोरगं कुठं आसतंय रं आता?"

मला माहीत नव्हतं.

सरांचं मंडळ त्यानंतर फार चाललं नाही. बाजारपेठेत व्हिडिओ आला, तिकडं रोज तीन खेळ. ज्यांनी 'पोटेमकिन' बघून ताटं पालथी घातली होती तीच पोरं तिकडं रांगेत दिसायला लागली. मशीनचा दिवा गेला, नवा आणायला मंजुरी मिळेना. हॉलमध्ये मधे भिंत घालून दोन वर्ग केले. घोंगडी ज्याची त्यानं नेली, एक कुणीच नेलं नाही ते माझ्याकडं आहे. सर पुढं बदलून गेले. जाताना त्यांनी मला रिळाचा एक रिकामा डबा दिला. त्यात आमच्या घरी बरीच वर्षं चटणी ठेवत.

आबा कुणाजवळ काय बोलले मला कळलं नाही, पण आईकडनं थोडंथोडं कानावर यायचं. आठवड्याच्या बाजारात ते त्या घराच्या पाव्हण्यांना गाठायचे. "आवंदा त्यांच्याकडं पाऊस कसा हाय?" असं कुठनं तरी सुरू करून चौकशी करायचे. तो बाप कधीच वारला होता. पोरगं दहाव्या वर्षीच गलाईवर गेलं होतं. आमच्या भागातली पोरं अशीच जातात. लांब दक्षिणेत कुणा गाववाल्याच्या दुकानात जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. दिवसभर भट्टीपुढं बसायचं. तिथं राहून त्यानं आता स्वतःचं छोटं दुकान केलं होतं.

१९८७ च्या चैत्रात, जत्रेला, तो आला. अंगात सफारी, बरोबर बायको, कडेवर लेकरू. देवळाच्या जीर्णोद्धाराला त्यानं वर्गणी दिली होती, म्हणून पंचांनी त्याला नारळ दिला. चावडीपुढंच दिला. मी त्या दिवशी शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो, रात्री उशिरा घरी आलो. आई म्हणाली, "तुजं आबा दुपारधरनं जेवलं न्हाईत."

आबा गोठ्यापुढच्या दगडावर बसले होते. मी जवळ जाऊन बसलो. विचारलं, "भेटला का?"

"व्हय."

"काय बोलला?"

"काय न्हाई. तुजी चौकशी केली. मास्तर व्हनार म्हणला तर बरं वाटलं त्याला."

"आणि तुम्ही?"

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याचा पीळ उगाच सोडत राहिले.

"माज्या पाया पडला रं," म्हणाले. "सगळ्या म्हाताऱ्यांच्या पडत आला, तसा माज्याबी. मला पाय मागं घ्यायचा हुता. तवर त्यानं हात लावला हुता."

मग उठून त्यांनी बैलांपुढं कडबा टाकला आणि हात धुऊन ताटावर येऊन बसले. आईनं भाकरी वाढली. अर्धी मोडून त्यांनी माझ्या ताटात ठेवली.